तारेपासून नावापर्यंत : लिनक्स लॅपटॉपवरील तारेच्या जोडणीतील बिघाडाचा माग

तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर इंटरनेट बंद पडले की 'नेट चालत नाही' एवढीच तक्रार ऐकू येते. परंतु या एका तक्रारीखाली परस्परांहून अगदी भिन्न अशा सहा अवस्था दडलेल्या असू शकतात. तारेतून विद्युत्-संकेत पोहोचत नसेल. तार ज्या कार्डात खोचली जाते ते कार्ड चालवणारा प्रणालीतील भाग जागेवर नसेल. कार्ड चालू असूनही ते वापरायचे नाही असे प्रणालीला कुठेतरी सांगून ठेवलेले असेल. लॅपटॉपला जाळ्यातील पत्ता मिळाला नसेल. पत्ता मिळूनही घराबाहेरची वाट ठाऊक नसेल. किंवा वाट मोकळी असून केवळ संकेतस्थळांच्या नावांचा उलगडा होत नसेल. लक्षण सहाही ठिकाणी सारखेच असते आणि उपाय मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, त्यामुळे अवस्था न ओळखता केलेला उपाय, मग तो संपूर्ण प्रणाली पुसून पुन्हा बसवण्याइतका मोठा असला तरी, लागू पडलाच तर योगायोगाने पडतो.

पुण्याहून सुटलेली लोकल मळवलीला वेळेवर आली नाही, तर ती तळेगावहून सुटली का, वडगाव आणि कान्हे तिने ओलांडले का, कामशेतला ती पोहोचली का, असे क्रमाने विचारले असता खोळंबा कोणत्या दोन स्थानकांमध्ये आहे हे आपोआप निश्चित होते. जोडणीतील बिघाडाचा माग याच रीतीने काढता येतो, आणि लिनक्स या प्रणालीचा मोठा गुण असा की तिच्यातील प्रत्येक टप्पा आपली स्थिती उघडपणे सांगतो. विचारण्याची आज्ञा तेवढी ठाऊक असावी लागते. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या प्रणालीची आज डेबियन, उबुंटू, फेडोरा अशी अनेक रूपे आहेत, आणि सी-डॅक या भारतीय संस्थेने डेबियनच्या पायावर उभारलेली व मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय असलेली बॉस ही प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. खिडक्यांची मांडणी आणि बटनांची नावे प्रत्येक रूपात निराळी असली, तरी गाभा एकच असल्यामुळे पुढे वर्णिलेल्या बहुतेक आज्ञा या सर्वांत सारख्याच चालतात.

मळवलीत तार का लागते

वरच्या उदाहरणातील लोकल जिथे पोहोचायची, त्या मळवलीत हा माग कसा काढता येईल ते पाहू. पुणे–लोणावळा लोहमार्गावर लोणावळ्याच्या अलीकडचे स्थानक असलेल्या मळवलीच्या आसपास कार्ले आणि भाजे येथील लेणी, लोहगड आणि विसापूर हे किल्ले असल्यामुळे पर्यटकांची वर्दळ असते, आणि त्यांच्यासाठी उभारलेल्या निवासांची व बंगल्यांची संख्याही मोठी आहे. अशा वास्तूत इंटरनेट बहुधा प्रकाशतंतूने म्हणजे फायबरने येते, भिंतीवरच्या एका डब्यात प्रकाशाचे रूपांतर विद्युत्-संकेतात होते, आणि तिथून पुढे खोल्यांपर्यंत तांब्याची लॅन केबल जाते. दगडी किंवा जाड भिंतींतून वाय-फायच्या लहरी क्षीण होत असल्याने, ज्याला अखंड जोडणी हवी त्याला तारेवाचून गत्यंतर नसते.

तारेवर येथील हवेचा भार मात्र मोठा पडतो. सह्याद्रीच्या माथ्यालगत असलेल्या लोणावळ्यात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पूर्वेकडे तळेगावच्या दिशेने तो झपाट्याने कमी होत जातो, आणि मळवली त्या उताराच्या ओल्या टोकाला आहे. जून ते सप्टेंबर या काळात हवेतील ओल, मोसमाच्या दोन्ही टोकांना होणारा विजांचा कडकडाट आणि वारंवार जाणारी लाईट या तिन्ही गोष्टी जोडणीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर आघात करतात, म्हणूनच येथे शोधाची सुरुवात लॅपटॉपच्या पडद्यापासून न करता तारेपासून करणे श्रेयस्कर ठरते.

पहिला टप्पा : तार

रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात, आज लॅन केबलवर चालणाऱ्या ज्या ईथरनेट पद्धतीची जुळणी केली, ती प्रथम टीव्हीच्या केबलसारख्या जाड तारेवर चालत असे. पीळ दिलेल्या तारांच्या जोड्यांवर ती चालवण्याचे प्रमाण १९९० मध्ये निश्चित झाले. आजच्या लॅन केबलमध्ये अशा चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. एका जोडीतील दोन तारांमधून एकमेकांच्या उलट संकेत जातात आणि घेणारे यंत्र त्या दोहोंमधील फरक तेवढा मोजते. बाहेरून येणारा विद्युत्-गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडत असल्याने वजाबाकीत तो नाहीसा होतो. पीळ हाच या तारेचा बचाव असल्यामुळे टोकाशी तो जितका कमी उकलला जाईल तितके चांगले.

तार जिवंत आहे का हे पाहण्याची पहिली खूण म्हणजे खोबणीशेजारचा दिवा, पण सर्व लॅपटॉपवर तो नसतो, म्हणून 'आयपी लिंक' ही आज्ञा अधिक भरवशाची आहे. तिच्या उत्तरात 'लोअर-अप' हा शब्द आला तर पलीकडच्या डब्याचा संकेत कार्डापर्यंत पोहोचत आहे, आणि 'नो-कॅरिअर' हा शब्द आला तर पोहोचत नाही. त्याच ओळीत नुसते 'अप' असेही लिहिलेले असते, त्याचा अर्थ प्रणालीने कार्ड चालू ठेवले आहे एवढाच होतो; तारेच्या स्थितीशी त्याचा संबंध नसल्याने या दोन शब्दांची गल्लत टाळावी लागते.

संकेत पोहोचतो की नाही यापेक्षा तो किती वेगाने पोहोचतो हे पाहणे कधीकधी अधिक उद्बोधक ठरते, आणि त्यासाठी 'एथटूल' ही आज्ञा आहे. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची जोडणी आठांपैकी १, २, ३ आणि ६ या क्रमांकांच्या चारच तारा वापरते, तर १००० मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिट जोडणीला आठही तारा लागतात. दोन्ही टोकांची यंत्रे गिगाबिटची असूनही 'एथटूल' १०० हा आकडा दाखवत असेल, तर उरलेल्या चार तारांपैकी एखादी तुटलेली असण्याचा किंवा तिचा स्पर्श नीट होत नसण्याचा दाट संशय घ्यावा. आणि अशाच दोषामुळे काही कार्डे हळू वेगावर न उतरता जोडणीच नाकारतात, हेही ध्यानात ठेवावे.

मळवलीच्या हवेत या टप्प्यावरचे दोष मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला दोष टोकाच्या प्लगचा: त्याच्या पितळी वा तांब्याच्या पट्ट्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, तो झिजला की ओल्या हवेत खालचा धातू गंजतो आणि स्पर्श अधूनमधून सुटू लागतो. दुसरा दोष खुद्द केबलचा: घराच्या आत वापरायची केबल व्हरांड्यावरून किंवा पत्र्यावरून बाहेर नेली असता उन्हाने तिचे आवरण तडकते आणि पावसाळ्यात त्यातून पाणी आत शिरते, पाण्याचे विद्युत्-गुणधर्म तारांवरील प्लॅस्टिकपेक्षा फार वेगळे असल्याने जोडीतून जाणारा संकेत वाटेत परावर्तित होतो आणि क्षीणही होतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलमध्ये विद्युत्-रोध आधीच जास्त असतो आणि ती वाकवली असता लवकर तुटते, त्यामुळे अशा ठिकाणी ती अधिकच कुचकामी ठरते. तिसरा दोष विजेचा: जवळपास वीज कोसळली असता लांब तारेत क्षणभर मोठा दाब निर्माण होतो. ईथरनेटच्या खोबणीमागे तारेला यंत्रापासून अलग ठेवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, १५०० व्होल्ट सोसण्याची त्याची क्षमता प्रमाणानुसार तपासलेली असते, परंतु विजेचा दाब याच्या कितीतरी पट असू शकतो, आणि अशा वेळी उरलेला लॅपटॉप धडधाकट राहून केवळ तारेचे कार्ड जळालेले आढळते. गडगडाट सुरू होताच चार्जरबरोबर लॅन केबलही काढून ठेवणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय होय.

हाताने प्लग बसवताना होणारी एक चूक मात्र हवेमुळे घडत नाही आणि साध्या तपासणी यंत्रालाही सापडत नाही. प्रमाणानुसार ३ आणि ६ या क्रमांकांवर एकाच पिळातील दोन तारा बसवायच्या असतात. त्याऐवजी १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा सरळ क्रमाने जोड्या बसवल्या, तर दोन्ही टोके सारखी असल्यामुळे तपासणी यंत्राचे आठही दिवे लागतात, पण ३ आणि ६ वरचे संकेत दोन वेगवेगळ्या पिळांमधून जात असल्याने गोंगाटाची वजाबाकी होत नाही. अशी केबल दोन मीटर लांबीत चालून जाते आणि तीस मीटर लांबीत रडते. 'आयपी' आज्ञेला आकडेवारी मागितली असता ती सदोष रूपात पोहोचलेल्या संदेश-तुकड्यांची संख्या दाखवते, आणि ही संख्या डोळ्यांदेखत वाढत असेल तर दोष तारेतच आहे असे समजावे.

काही कार्डांमध्ये याहून पुढची सोय असते. २०२० मधील ५.८ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात तार-परीक्षेची सुविधा आली असून, तिच्यात कार्ड तारेत एक स्पंद सोडते आणि तुटलेल्या जागेवरून त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास किती काळ लागला ते मोजते. तारेत संकेताचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, त्यामुळे त्या काळावरून तार किती मीटरवर तुटली आहे याचा अंदाज मिळतो, आणि भिंतीतून नेलेली संपूर्ण केबल उपसण्याची वेळ येत नाही.

दुसरा टप्पा : कार्ड आणि ड्रायव्हर

केबल बदलूनही फरक पडला नाही, किंवा 'आयपी लिंक'च्या यादीत तारेचे कार्डच दिसले नाही, तर शोध यंत्राच्या आत वळवावा लागतो. कार्ड आणि प्रणाली यांच्यामधील दुभाष्याचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा लॅपटॉपच्या आत जोडलेल्या कार्डांची यादी देते, आणि योग्य खूण जोडली असता प्रत्येक कार्डाखाली कोणता ड्रायव्हर कामावर आहे तेही सांगते. कार्ड यादीत आहे पण त्याखाली ड्रायव्हरची ओळ नाही, असे दिसले तर दोष प्रणालीत आहे. कार्डच यादीत नसेल, तर ते लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये बंद केलेले आहे किंवा जळाले आहे. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना लॅनची खोबणीच नसते आणि यूएसबीचा जोडखुंट वापरावा लागतो; तेव्हा हीच चौकशी 'एलएसयूएसबी' या आज्ञेने करावी.

लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणाऱ्या रिअलटेक कंपनीच्या कार्डांसाठी लिनक्सच्या गाभ्यात 'आर ८१६९' हा ड्रायव्हर असतो, तर कंपनीचा स्वतःचा 'आर ८१६८' हा वेगळा ड्रायव्हर काही जण बाहेरून बसवतात. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर गाभ्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा घडवावा लागतो, आणि तो घडला नाही किंवा सुरक्षित बूटच्या नियमानुसार त्यावर मान्य स्वाक्षरी नसली, तर अद्ययावतीकरणानंतर जोडणी अचानक बंद पडते. सुरुवातीच्या यादीतून गाभ्याची जुनी आवृत्ती निवडून लॅपटॉप चालू केला आणि जोडणी परत आली, तर निदान पक्के झाले असे मानण्यास हरकत नाही. काही कार्डांना ड्रायव्हरखेरीज फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत भरायचा छोटा प्रोग्रॅमही लागतो. मुक्त परवाना नसलेली अशी फर्मवेअरे डेबियनच्या अधिकृत स्थापना-संचात २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून समाविष्ट झाली, त्यापूर्वी ती वेगळी आणावी लागत. गाभ्याची रोजनिशी वाचून दाखवणाऱ्या 'डीमेसेज' या आज्ञेत फर्मवेअर सापडले नाही अशी नोंद असल्यास तीच फाईल बसवावी.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज बंद होताना कार्डाला अर्धवट झोपेत ठेवते आणि लिनक्सला ते जागे करता येत नाही, असाही प्रकार घडतो. विंडोजमधील जलद-प्रारंभाची सोय बंद करणे, किंवा लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढून थोडा वेळ ठेवणे, हा त्यावरचा उपाय होय.

तिसरा टप्पा : प्रणालीची परवानगी

बहुतेक लिनक्स लॅपटॉपवर जोडण्यांचा कारभार नेटवर्कमॅनेजर नावाचा भाग पाहतो, आणि 'एनएमसीएलआय डिव्हाइस' ही आज्ञा दिली असता तो प्रत्येक कार्डाविषयी एकेका शब्दात निवाडा देतो. 'अनअव्हेलेबल' म्हणजे बहुधा तारेतून संकेत नाही, त्यामुळे पहिल्या टप्प्याकडे परतावे. 'डिसकनेक्टेड' म्हणजे संकेत आहे, पण कोणतीही जोडणी सुरू केलेली नाही. आणि 'अनमॅनेज्ड' म्हणजे या कार्डाला हात लावू नये असे त्याला सांगितलेले आहे. हा शेवटचा निवाडा डेबियनच्या घराण्यात विशेषतः आढळतो, कारण स्थापना करताना तार जोडलेली असेल तर तिची नोंद कधीकधी जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये होते आणि नेटवर्कमॅनेजर त्या फाईलचा मान राखून बाजूला राहतो.

कार्डाचे नावही येथे घोटाळा करते. पूर्वी पहिल्या तारेच्या कार्डाला सरसकट 'ईटीएच शून्य' म्हणत; २०१३ पासून कार्ड यंत्रात कोणत्या जागी बसले आहे त्यावरून नाव ठरवण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे जुन्या पुस्तकातून उतरवलेली नोंद अस्तित्वातच नसलेल्या कार्डाला उद्देशून असू शकते. तसेच, साठवलेली जोडणी विशिष्ट कार्डाच्या ४८ बिटांच्या कायम क्रमांकाशी बांधलेली असेल, तर यूएसबीचा नवा जोडखुंट लावल्यावर ती लागू होत नाही.

चौथा टप्पा : पत्ता

जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो, आणि तो वाटण्याचे काम राउटर, म्हणजे बहुधा भिंतीवरचा तोच डबा, डीएचसीपी या पद्धतीने करतो: लॅपटॉप पत्ता कोण देईल असे पुकारतो, राउटर एक पत्ता देऊ करतो, लॅपटॉप तो मागतो आणि राउटर त्यावर शिक्कामोर्तब करतो. 'आयपी ॲड्रेस' या आज्ञेच्या उत्तरात १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर हा व्यवहार बहुधा पार पडला आहे; १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मात्र यंत्राने कोणी न दिल्यामुळे स्वतःच घेतलेला असतो.

वारंवार लाईट जाणाऱ्या गावांत या टप्प्यावर एक ठरावीक बिघाड होतो. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण भिंतीवरचा डबा बंद पडतो. वीज परतल्यावर त्या डब्याच्या खोबण्या आधी जाग्या होतात आणि पत्ते वाटणारा प्रोग्रॅम नंतर सुरू होतो. या मधल्या काळात लॅपटॉपला तारेत संकेत दिसतो, तो पत्ता मागतो, नेटवर्कमॅनेजरच्या मूळ मर्यादेनुसार ४५ सेकंद वाट पाहतो आणि काही प्रयत्नांनंतर थांबतो. खोबणीचा दिवा लागलेला असतो आणि पत्ता मात्र नसतो. अशा वेळी केबल काढून पुन्हा लावणे किंवा जोडणी हाताने सुरू करणे पुरते, राउटरची सेटिंग बदलण्याचे कारण नसते.

दुसरा बिघाड एकाच वास्तूत दोन राउटर असल्यामुळे होतो. मागच्या खोल्यांसाठी आणलेला दुसरा राउटर बाहेरच्या खोबणीऐवजी आतल्या खोबणीने जोडला, तर एकाच जाळ्यात दोन यंत्रे पत्ते वाटू लागतात आणि लॅपटॉपला ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता मिळतो. बाहेरच्या खोबणीने जोडला, पण दोघांचीही पत्त्यांची मालिका एकच राहिली, तर आत आणि बाहेर यांतला भेदच राउटरला कळत नाही. दुसऱ्या राउटरची मालिका बदलणे, किंवा त्याचे पत्तेवाटपच बंद करणे, हे यावरचे दोन मार्ग आहेत.

पाचवा आणि सहावा टप्पा : वाट आणि नाव

पत्ता मिळाल्यावर 'आयपी राउट' या आज्ञेच्या उत्तरात 'डीफॉल्ट' शब्दाने सुरू होणारी ओळ असावी लागते. अनोळखी ठिकाणी जाणारे सर्व संदेश कोणाच्या हाती सोपवायचे हे ती ओळ सांगते. तार आणि वाय-फाय एकाच वेळी चालू असतील तर अशा दोन ओळी दिसतात, आणि ज्या ओळीतील 'मेट्रिक' लहान ती निवडली जाते. नेटवर्कमॅनेजर तारेला सामान्यतः १०० आणि वाय-फायला ६०० असे अंक देतो. म्हणून इंटरनेट नसलेल्या डब्याला जोडलेली तार, शेजारी उत्तम चालणाऱ्या वाय-फायलाही निकामी करू शकते.

वाट मोकळी आहे का हे 'पिंग'ने तपासावे. माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम पलीकडच्या यंत्राला हाक मारून उत्तर येण्यास लागलेला वेळ मोजतो. प्रथम राउटरच्या पत्त्याला हाक मारावी, मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिली हाक वाया गेली तर दोष घरात आहे. पहिली पोहोचली आणि दुसरी वाया गेली तर तो बहुधा राउटरच्या पलीकडे, सेवा देणाऱ्याच्या हद्दीत आहे. आणि दोन्ही पोहोचून तिसरीच फसली तर नावांचा उलगडा करणारी डीएनएस व्यवस्था अडली आहे. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखलेली ही व्यवस्था नावाचे रूपांतर पत्त्यात करते, आणि 'रिझॉल्व्हसीटीएल' ही आज्ञा लॅपटॉप सध्या कोणाला नावे विचारत आहे ते दाखवते. काही जाळी 'पिंग'ला मुद्दाम उत्तर देत नाहीत, त्यामुळे एका हाकेच्या अपयशावरून निष्कर्ष काढू नये.

तिन्ही हाका पोहोचूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर दोन शक्यता उरतात. बराच काळ बंद राहिलेल्या लॅपटॉपचे घड्याळ मागे पडले असेल तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात; आणि काही सेवा देणारे वापरतात त्या पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत एका वेळी १५०० ऐवजी १४९२ बाइटच जाऊ शकत असल्याने, ही मर्यादा नीट कळवली न गेल्यास हलकी पाने उघडतात व जड पाने अर्ध्यावर अडकतात.

निदानाची खातरजमा

या क्रमाचा उपयोग होण्यासाठी एक शिस्त पाळावी लागते: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलण्यापूर्वी व बदलल्यानंतर आज्ञांची उत्तरे लिहून ठेवावीत. केबल, खोबणी आणि सेटिंग एकदम बदलून जोडणी परत मिळवता येते, पण तिघांपैकी दोषी कोण हे मग कायमचे अज्ञात राहते. सेवा देणाऱ्याकडे तक्रार करायची असेल तेव्हाही, राउटरपर्यंतची हाक पोहोचते आणि बाहेरची पोहोचत नाही, हे लिहिलेले असल्यास 'लॅपटॉप दुरुस्त करून घ्या' या उत्तरावर बोळवण होत नाही.

उपाय लागू पडल्यावरही शोध संपत नाही. नव्या केबलने जोडणी सुरू झाली असेल, तर जुनी केबल पुन्हा लावून पाहावी. तिने बिघाड परत आला तर कारण सिद्ध झाले. परंतु जुनीही आता व्यवस्थित चालू लागली, तर दोष केबलमध्ये नसून खोबणीतल्या गंजलेल्या स्पर्शात होता आणि प्लग काढून घालताना पट्ट्यांवरचा गंज तेवढा घासला गेला, असाच संशय घ्यावा लागतो. अशा वेळी नव्या केबलवर विसंबून न राहता खोबणी साफ करून घेणे किंवा बदलणेच योग्य, कारण मळवलीच्या हवेत तोच गंज पुढच्या आषाढापर्यंत पुन्हा धरतो.